निरोप कोणाच्या हाती?



गेल्या महिन्यात कारंजा (घाडगे) येथील आमच्या घरी एक माउली आपल्या वीस वर्षांच्या लेकीला घेऊन आली. दोघींचेही डोळे सुजलेले होते. लेकीच्या रक्ताची सिकलसेल तपासणी तालुक्याबाहेरील एका दवाखान्यात झाली होती. केसपेपरवर नंबर थोरल्या भावाचा, कारण घरात चांगला फोन तेवढा त्याच्याचकडे. अहवाल त्याच्या व्हॉट्सॲपवर आला, तोही इंग्रजीत. भावाला तो उमगला नाही, म्हणून त्याने वाचून घेण्यासाठी मित्राला पाठविला. मित्राने तो आणखी कुणाला दाखविला. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, "पोरीले काय झालं म्हणते?" आणि आठवड्याच्या आत ठरत आलेली सोयरीक थांबली.

अहवालात काय होते? ती मुलगी सिकलसेलची केवळ वाहक आहे, एवढेच. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाला या आजाराचे औषध घ्यावे लागत नाही, तो सर्वांसारखेच जीवन जगतो. काळजी घ्यायची ती लग्नाच्या वेळी. नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. जोडीदाराच्या रक्तात असा दोष नसेल तर बाळाला हा आजार होत नाही. ही गोष्ट समोर बसवून समजावून सांगायला दहा मिनिटे पुरली असती. तीच गोष्ट चुकीच्या फोनवर, न कळणाऱ्या भाषेत गेली आणि एका मुलीच्या माथी 'बाधित' असा शिक्का बसला.

विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेलचे वाहक बरेच आढळतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. तपासणी ही झालीच पाहिजे, तिला कुणी घाबरू नये. पण तपासणीइतकाच तिचा निरोप कसा जातो, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. म्हणून आजच्या सदरात या निरोपाविषयी चार शब्द.

गावोगावचे सांगावे पायी नेण्याचे काम एके काळी आपल्याच वाडवडिलांच्या माथी होते. मोबदला म्हणजे भाकरीचा तुकडा. ती गुलामगिरी गेली, बरे झाले. परंतु त्या अक्षरशत्रू माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मयताचा निरोप भर वावरात ओरडून सांगायचा नसतो. घरच्या वडीलधाऱ्याला बाजूला घेऊन सांगायचा असतो. निरोप कोणाच्या कानात टाकायचा, हे भान हल्लीच्या फोनला नाही. ते माणसानेच ठेवावे लागते.

पहिला प्रश्न असा की फोन कोणाचा? २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल असल्याचे आढळले. फोन असलेल्यांपैकी संदेश वाचता येणाऱ्या ७१ टक्के होत्या. म्हणजे दवाखान्याने बाईच्या नावावर पाठविलेला संदेश पुष्कळदा नवरा, दीर किंवा मुलगा वाचतो. आमच्या परिचयातील एका गरोदर भगिनीच्या तपासणीची तारीख नवऱ्याच्या फोनवर आली. नवरा मिस्त्रीकामाला नागपूरला. तो घरी येईपर्यंत तारीख निघून गेली. दवाखाना म्हणतो, आम्ही कळविले. बाई म्हणते, मला कळलेच नाही. दोघेही खरे बोलतात!

दुसरा प्रश्न, वाचता येते का? ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आवाजाचा निरोप उत्तम. सरकारची 'किलकारी' ही सेवा याच विचारातून २०१६ साली सुरू झाली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. तिच्यात गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला फोनवर बोलका संदेश मिळतो, तोही फुकट. असे एकूण ७२ संदेश असतात. मात्र नोंद करताना दिलेला नंबर ज्याचा, त्याच्याच कानात ते पडणार, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रश्न वेळेचा. आपल्या भागातील बाया निंदणाला, कापूस वेचायला गेल्या की सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत फोन कोण उचलणार? मुंबईत २००८ साली डॉ. अपर्णा हेगडे यांनी स्थापन केलेल्या 'अरमान' संस्थेने 'एममित्र' नावाची सेवा चालविली. तिच्यात फोन कोणत्या वेळी यावा हे त्या माउलीलाच विचारून ठरवीत. साधी गोष्ट, पण तीच विसरली जाते.

उलट दिशेचा निरोपही असतो. क्षयरोगाच्या गोळ्यांच्या पाकिटावर '९९ डॉट्स' नावाची पद्धत वापरली गेली. गोळी काढली की तिच्यामागे दडलेला नंबर दिसे. त्यावर फुकटचा फोन केला की आजची गोळी घेतली, अशी नोंद होई. ना अक्षर लागे, ना मोठा फोन. मोठ्या यंत्रापेक्षा माणसाला झेपेल तो मार्ग बरा, हे यावरून दिसते.

आता कोणता निरोप कोणत्या मार्गाने जावा, याविषयी आमचे मत सांगतो. तपासणीची तारीख, डॉक्टरांची सुटी, लसीचा दिवस अशा गोष्टी साध्या एसएमएसने मराठीत कळवाव्यात. तो साध्या फोनवरही येतो. त्यात आजाराचे नाव घालू नये. 'आपली तपासणी गुरुवारी आहे' एवढे पुरे. वाचता न येणाऱ्यांना दवाखान्यातील ताईने ठरल्या वेळी फोन करावा. फोन दुसऱ्याने उचलला तर 'त्यांना फोन करायला सांगा' एवढेच बोलावे. कागदी अहवाल शक्यतो हातात द्यावा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर रुग्णाच्या स्वतःच्या नंबरवर आणि त्याला विचारूनच. सगळ्या रुग्णांचा एक ग्रुप काढणे तर साफ चूक, कारण तेथे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो.

सिकलसेल, क्षयरोग, एचआयव्ही यांचा निकाल मात्र समोरासमोर, दार लोटून सांगावा. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे. कायद्याने ठरवून दिलेले काही प्रसंग सोडले तर संमतीशिवाय ती माहिती दुसऱ्याला देता येत नाही. आशाताई घरोघर जातात, त्यांचा आधार मोठा आहे. पण त्या गावातल्याच असतात, म्हणून आपल्या घरी कोणती गोष्ट त्यांनी बोलावी, हेही रुग्णालाच विचारावे.

आणि तातडीच्या वेळी संदेशाच्या नादी लागूच नये. २५ मार्च २०२० च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरांना फोनवरून व संदेशावरून सल्ला देण्याची मुभा दिली, ती सोय चांगली आहे. पण महामार्ग सोडून डोंगराकडच्या खेड्यात शिरले की रेंज जाते आणि व्हॉट्सॲपवरचा संदेश अडकून राहतो. छातीत दुखणे, सापाचा दंश, बाळंतिणीचा रक्तस्राव, सिकलसेलच्या लेकराला ताप, यात डॉक्टरांच्या उत्तराची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा.

यात दवाखान्याला फार खर्च नाही. केसपेपरवर तीन ओळी वाढवायच्या: हा नंबर कोणाचा, वाचता येते का, फोन कधी करावा. आपलीही जबाबदारी आहेच. नंबर बदलला तर दवाखान्यात सांगा. दुसऱ्याचा नंबर देत असाल तर 'हा भावाचा आहे' असे लिहून घ्यायला लावा. आणि घरातल्या पुरुषांनो, बहिणीच्या किंवा बायकोच्या नावाचा अहवाल आपल्या फोनवर आला तर तो प्रथम तिच्या हाती द्या. तो पुढे पाठविण्याचा अधिकार आपला नाही.

त्या माउलीला आम्ही मुलाकडच्यांना भेटायला आणि मुलाचीही रक्ततपासणी करवून घ्यायला सुचविले. ते अजून तयार झालेले नाहीत. भाऊ मात्र खजील झाला. त्याने आपल्या मजुरीतून बहिणीला साधा फोन आणि तिच्या नावाचे सिमकार्ड घेऊन दिले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी एकटी एसटीने त्या दवाखान्यात गेली आणि केसपेपरवरचा जुना नंबर खोडून आपला नंबर लिहून आली. परतताना तिने पहिला फोन आईला केला. आईने तो उचलला, एवढे आम्हास ठाऊक आहे. पुढचे बोलणे त्या दोघींचे.

जयभीम!