विश्लेषण : कोल्हापूरच्या राजकारणावरचे मराठी संशोधन ‘सायटेशन’च्या मोजणीत का दिसत नाही?

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली. कोणत्या जर्नलमधला लेख ग्राह्य धरायचा, हे आता विद्यापीठे आणि महाविद्यालयांनी ठरवायचे आहे. यादी नाही म्हटल्यावर सगळ्यात सोपा आधार उरतो तो आकड्यांचा : लेखाला किती सायटेशन, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती. राज्यशास्त्रासारख्या विषयात, त्यातही मराठीत लिहिणाऱ्यांसाठी, हा आधार किती भरवशाचा?

नेमके काय बदलले?

यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची मोठी यादी केली. त्यात विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावे होती. पुण्यातील संशोधकांनी त्यांतील १००९ नियतकालिके तपासली, तेव्हा निकषांना उतरली अवघी ११२. हा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राच्या साह्याने ‘केअर’ यादी आली. तिच्यात मराठीसह भारतीय भाषांतील नियतकालिकांनाही जागा होती.

ही यादी बंद करण्याचा निर्णय यूजीसीच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो जाहीर करण्यात आला. योगायोग असा, की मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला तोही ३ ऑक्टोबर २०२४ रोजीच. एकाच दिवशी मराठीला दर्जा मिळाला आणि मराठीत संशोधन छापणाऱ्यांच्या डोक्यावरचे एक छप्पर गेले. यादीत दोष होते, पण ‘हे मराठी नियतकालिक ग्राह्य आहे’ असे मुलाखत समितीसमोर दाखवायला कागद तरी होता.

इम्पॅक्ट फॅक्टर कसा काढतात?

एका लेखकाने दुसऱ्याच्या लेखाचा संदर्भ दिला की त्या लेखाच्या खात्यात एक सायटेशन जमा होते. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये अशा संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली. पुढे त्यांच्या संस्थेने विज्ञानासाठी आणि १९७०च्या दशकात सामाजिक शास्त्रांसाठी सूची काढली. ग्रंथालयांना कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवताना मदत व्हावी, हा तिचा एक उपयोग होता. माणसाची बढती ठरवण्यासाठी ती नव्हती.

हिशेब सोपा आहे. समजा, एका जर्नलने २०२३ आणि २०२४ मध्ये मिळून ६० लेख छापले आणि २०२५ मध्ये त्या लेखांचा ९० वेळा संदर्भ दिला गेला. ९० भागिले ६०, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर १.५. यात दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. एक, हा आकडा जर्नलचा आहे, लेखाचा नाही. साठांपैकी दोन लेख गाजले आणि बाकीचे कोणी उघडलेही नाहीत, तरी आकडा तोच. दोन, संदर्भ मोजले जातात ते सूचीत असलेल्या नियतकालिकांतलेच. सूचीबाहेर कोणी कितीही वेळा नाव घेतले, तरी खात्यात काही जमा होत नाही.

राज्यशास्त्राला हे माप का बसत नाही?

वैद्यक किंवा रसायनशास्त्रात दोन वर्षांत लेख जुना होऊ शकतो. राज्यशास्त्रात तो तेव्हा कुठे वाचला जाऊ लागतो. रजनी कोठारी यांचा काँग्रेस ‘सिस्टीम’वरचा लेख ‘एशियन सर्व्हे’मध्ये डिसेंबर १९६४ मध्ये आला. तीन वर्षांत, १९६७ च्या निवडणुकांत, अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली आणि लेखाची खरी चर्चा त्यानंतर वाढली. साठ वर्षांनंतरही एका पक्षाच्या वर्चस्वाविषयी लिहिताना त्याला टाळता येत नाही. दोन वर्षांच्या हिशेबात मात्र १९६५ आणि १९६६ मधले संदर्भ तेवढे धरले गेले असते.

दुसरे कारण पुस्तकांचे. या विषयातले मोठे काम अनेकदा ग्रंथरूपात येते आणि नियतकालिकांच्या सूचीत ग्रंथांचे स्थान दुय्यम. तिसरे कारण जागेचे. करवीर तालुक्यातील दूध संस्थेच्या निवडणुकीवर उत्तम लेख लिहिला, तर तो वाचून पुढे संदर्भ देणारे जगात किती असणार? तोच अभ्यासक ‘लोकशाहीची पीछेहाट’ अशा जागतिक विषयावर सर्वसाधारण लेख लिहील, तर त्याला जास्त संदर्भ मिळण्याची शक्यता आहे. आकडा इथे गुणवत्तेपेक्षा वाचकसंख्या मोजतो.

नियतकालिकांतले विषय कसे बदलत गेले?

इंडियन पॉलिटिकल सायन्स असोसिएशन १९३८ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे ‘इंडियन जर्नल ऑफ पॉलिटिकल सायन्स’ सुरू झाले. तो काळ राज्यघटना, संघराज्य, कायदेमंडळ यांच्या चर्चेचा होता. स्वातंत्र्यानंतर पक्ष, मतदार, जात आणि स्थानिक सत्ता हे विषय पुढे आले. मुंबईतून १९६६ पासून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने राज्या-राज्यांच्या राजकारणावरच्या लेखनाला राष्ट्रीय व्यासपीठ दिले. २०१३ मध्ये ‘लोकनीती’च्या पुढाकारातून ‘स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स’ सुरू झाले. त्याचे मुख्य संपादक सुहास पळशीकर पुण्याचे. निवडणूक सर्वेक्षणांवर आधारलेल्या अभ्यासाला त्यातून हक्काची जागा मिळाली.

मराठीतही समांतर प्रवाह होता. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’ १९४७ पासूनचे. ‘समाज प्रबोधन पत्रिका’ हे सामाजिक शास्त्रांचे त्रैमासिक १९६०च्या दशकातले. शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे अशोक चौसाळकर यांचे नाव या पत्रिकेच्या संपादनाशी जोडलेले आहे. सत्यशोधक परंपरा, सहकार, शेतकरी आंदोलन, दलित राजकारण यांवरचा वाद-संवाद मराठी वाचकांपर्यंत पोचवला तो अशा नियतकालिकांनी. जागतिक सूचीत शोधू गेल्यास मात्र हा प्रवाह जवळजवळ सापडत नाही.

कोल्हापूर या चित्रात कुठे आहे?

राजकारणाच्या अभ्यासकाला कोल्हापूर म्हणजे चालती प्रयोगशाळा. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. देशात आरक्षणाची चर्चा निघाली की या तारखेपाशी यावेच लागते. ब्राह्मणेतर चळवळ, साखर कारखाने, दूध संघ, शेतकऱ्यांची ऊसदर आंदोलने, सीमाप्रश्न हे सारे इथल्या रोजच्या राजकारणाचे विषय.

यातले जागतिक सूचीला काय दिसते? इयन कोपलँड यांचा कोल्हापूरचे महाराज आणि ब्राह्मणेतर चळवळ या विषयावरचा लेख १९७३ मध्ये ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या इंग्रजी नियतकालिकात आला. तो महत्त्वाचा आहेच आणि जगात कुठेही बसून एका क्लिकवर सापडतो. जयसिंगराव पवार यांनी संपादित केलेला ‘राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ’ २००१ मध्ये कोल्हापुरात प्रसिद्ध झाला. इथल्या अभ्यासकाचे पान त्याच्याशिवाय हलत नाही. पण मराठी लेखांच्या तळटिपांत त्याचे नाव कितीही वेळा आले, तरी ते लेख सूचीबाहेरचे असल्याने मोजणीत त्याची नोंद नाही. कोल्हापूरचा अभ्यास करायचा कोल्हापुरात, कागदपत्रे वाचायची मोडी-मराठीत आणि किंमत ठरायची ती बाहेरच्या इंग्रजी सूचीवरून, अशी ही स्थिती आहे.

मराठी लेख यंत्राला का दिसत नाहीत?

सगळा दोष परदेशी कंपन्यांच्या माथी मारून भागणार नाही. अनेक मराठी नियतकालिकांची पाने वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. त्यांची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण शोधयंत्राला तिच्यात निरर्थक अक्षरे भेटतात. कित्येक जुने अंक स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात आहेत, तर कित्येक फक्त ग्रंथालयाच्या कपाटात.

संदर्भ देण्याची पद्धतही सैल आहे. ‘तत्रैव’, ‘कित्ता’, ‘उपरोक्त’ हे माणसाला कळते, यंत्राला नाही. एकाच लेखकाचे आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिले जाते आणि त्याचे संदर्भ तीन खात्यांत विखुरतात. अंकाचे वर्ष, पृष्ठक्रमांक गळतात. लेखासोबत इंग्रजी गोषवारा नसतो.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे मराठी अभ्यासक एकमेकांना संदर्भात फारसे घेत नाहीत. मराठी लेख वाचून त्यातला मुद्दा घ्यायचा आणि तळटीप मात्र इंग्रजी ग्रंथाची द्यायची, ही सवय विद्वत्तेचे लक्षण समजली जाते. आपल्याच लोकांनी नाव घेतले नाही, तर परक्यांच्या सूचीकडून अपेक्षा कशी करायची?

मग आकडे नकोतच का?

असे म्हणणे सोपे, पण धोक्याचे. आकडे आले ते वशिल्यावर उतारा म्हणून. मुलाखत समितीतल्या ओळखीवर काम होण्यापेक्षा ठरावीक माप बरे, असे वाटणारे तरुण प्राध्यापक कमी नाहीत आणि त्यांचे चुकत नाही. राष्ट्रीय मानांकनातही (एनआयआरएफ) प्रकाशने आणि संदर्भ ‘स्कोपस’ व ‘वेब ऑफ सायन्स’ यांवरूनच मोजले जातात. त्यामुळे विद्यापीठाला या आकड्यांकडे पाठ फिरवता येत नाही.

पण माप एकच राहिले की त्याची बाजारपेठ तयार होते. पैसे भरा, आठवड्यात लेख छापून घ्या, वर बनावट इम्पॅक्ट फॅक्टरही मिळवा, असे संदेश प्राध्यापकांच्या मोबाइलवर येतच असतात. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत काढली, तरी नोकरी आणि बढतीच्या रांगेत छापील निबंधांची मोजदाद संपलेली नाही. ‘केअर’ यादी गेल्यावर या दुकानांना मोकळे रान मिळू शकते. प्रामाणिक मराठी नियतकालिक आणि हे दुकान यांत फरक करणारा कोणी नसेल, तर पहिला बळी प्रामाणिक नियतकालिकाचा जाईल.

पुढे काय करता येईल?

जगात याची उदाहरणे आहेत. ब्राझीलमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘सायेलो’ हा उपक्रम सुरू झाला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतील नियतकालिके त्याने मोफत आणि शोधता येतील अशा रूपात आणली. पुढे ‘वेब ऑफ सायन्स’ला त्यांची स्वतंत्र सूची आपल्या मंचावर घ्यावी लागली. चीनने सामाजिक शास्त्रांसाठी चिनी भाषेतली स्वतःची संदर्भसूची उभी केली. संशोधनाच्या मोजमापाविषयीच्या २०१५ च्या ‘लायडेन जाहीरनाम्या’तही स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण देण्याचे तत्त्व स्पष्ट मांडलेले आहे.

हे काम कोल्हापुरातून सुरू होऊ शकते. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. कोल्हापूर, सांगली, सातारा हे त्याचे कार्यक्षेत्र, म्हणजे ‘नवभारत’चे वाईही त्यातच येते. विद्यापीठाकडे मोठे ग्रंथालय आहे आणि राज्यशास्त्राबरोबर ग्रंथालयशास्त्राचेही अभ्यासक आहेत. सामाजिक शास्त्रांतील निवडक मराठी नियतकालिकांचे जुने अंक युनिकोडमध्ये आणणे, प्रत्येक लेखाला कायमचा डिजिटल क्रमांक देणे आणि त्यांच्या तळटिपांची सूची करणे, हा काही पीएच.डी. प्रबंधांचा आणि एका मध्यम प्रकल्पाचा विषय आहे. केंद्राने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेसाठी तीन वर्षांना ६००० कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्यातून सुमारे १३ हजार नियतकालिके उच्च शिक्षण संस्थांना वाचायला मिळतील. बाहेरचे ज्ञान आत आणण्यासाठी एवढा खर्च होत असेल, तर इथले ज्ञान बाहेर दिसावे यासाठी त्याचा लहानसा अंश मागणे गैर नाही.

निवड समित्यांपुरता उपाय याहून साधा आहे. उमेदवाराने आपले तीन उत्तम लेख द्यावेत, ते मराठीत असले तरी चालतील, आणि समितीतील तज्ज्ञांनी ते वाचून लेखी अभिप्राय द्यावा. वेळ लागेल, पण वशिला आणि बनावट आकडा या दोन्हींना त्याने आळा बसेल. नियतकालिकांनी परीक्षणाची पद्धत जाहीर करावी, अंक वेळेवर काढावेत. आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या इथल्या प्राध्यापकांनी ज्या मराठी लेखातून मुद्दा घेतला, त्याचे नाव तळटिपेत द्यावे. याला ना अनुदान लागते, ना परिपत्रक.

हे झाले नाही तर काय होईल, याचा अंदाज कठीण नाही. हुशार विद्यार्थी गुणांचा हिशेब करून विषय निवडतील. दूध संघाची निवडणूक, गावचावडीचे राजकारण, पूरग्रस्तांचे पुनर्वसन हे विषय ‘सायटेशन मिळत नाही’ म्हणून मागे पडतील. पन्नास वर्षांनी आजच्या कोल्हापूरचे राजकारण समजून घ्यायला कोणी बसेल, तेव्हा त्याच्या हाती निवडणुकीचे आकडे असतील; ते तसे का आले, हे सांगणारा लेख लिहिलेलाच नसेल.