विनोदी रहस्यश्रुतिका आणि गांभीर्य

विनोदी श्रुतिकेसाठी चित्रविचित्र आवाज काढावे लागतात, हा समज आपण सोडून द्यावा. 'फायरसाइन थिएटर' या अमेरिकी चमूची 'निक डेंजर' ही १९६९ मधील ध्वनिमुद्रित श्रुतिका जुन्या रेडिओवरील गुप्तहेरकथांचे विडंबन करते. आरंभीच नायक पावसाच्या संथ नादाचे गंभीर वर्णन करतो. आपण खिडकी कल्पितो. तोच कळते, की पाऊस त्याच्या टेबलावर पडतो आहे! येथे हसतो श्रोता, नायक नव्हे. रहस्यश्रुतिकेत प्रत्येक ध्वनी हा पुरावा असतो. म्हणून पावले, दार, पाऊस हे ध्वनी अस्सलच वाटले पाहिजेत. पुरावाच थट्टेखोर झाला, तर रहस्य संपते आणि त्याबरोबर विनोदही. संहिता लिहिताना हे भान आपण अवश्य ठेवावे.