चौकटीतला शेतकरी

1521 साली अँटवर्पच्या मुक्कामात जर्मन चित्रकार ड्यूररने रोजनिशीत योआकिम पातिनीरची निसर्गचित्रकार म्हणून वाखाणणी केली, तेव्हा भूमी हा चित्राचा स्वतंत्र विषय होऊ लागली होती आणि माणूस आक्रसत चालला होता. पातिनीरच्या निळसर कड्यांत संत शोधावा लागतो. प्रादो संग्रहालयातील संत अँथनीच्या चित्रात तर भूमी पातिनीरची आणि माणसे क्वेंटिन मॅसिसची. ही कामाची वाटणी चित्रशाळेपुरती राहिली नाही.

थोरल्या पीटर ब्रूगेलने ती मोडली. 1565 मध्ये अँटवर्पच्या योंगेलिंक या व्यापाऱ्यासाठी काढलेल्या ऋतुचित्रांपैकी ‘कापणी’त काहीजण गहू कापताहेत, काही जेवताहेत, एकजण झाडाखाली हातपाय ताणून गाढ झोपला आहे, ही माणसे देखाव्याची शोभा नव्हेत, त्यांच्या श्रमाने आणि थकव्यानेच तो देखावा घडला आहे. मात्र चित्रे धनिकाच्या घरात गेली, आणि लगेच 1566 मध्ये दुसऱ्याच्या कराला जामीन राहताना त्याने ब्रूगेलची 16 चित्रे शहराकडे तारण ठेवली. धान्य महागले, चर्चमधील मूर्ती फुटल्या, 1567 मध्ये स्पेनचा आल्बाचा ड्यूक फौजेसह उतरला. भरल्या शेताचे चित्र आणि रिकामी कणगी एकाच काळातली.

पुढच्या शतकातला चित्रकार रुबेन्स याच्या बाबतीत ही विसंगती अधिक उघडी पडते. 1635 मध्ये त्याने एलेवेटजवळचा स्टीन वाडा घेतला, आणि त्याच वर्षी फ्रेंच-डच फौजांनी त्याच ब्राबांट प्रांतातले टीनेन शहर लुटून जाळले. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याच्या ‘स्टीन’च्या पहाटेत मात्र सोनेरी ऊन, बाजाराला निघालेली गाडी, पक्ष्यांवर दबा धरलेला शिकारी, जळित कुठेच नाही. रुबेन्स खोटारडा नव्हता, मालक होता, आणि मालकाच्या नजरेला कष्टकरी हा निसर्गाचाच भाग वाटतो. पुढे चित्रकार धाकट्या टेनिर्सनेही पेर्कला वाडा घेतला. गावकऱ्यांचे सण तो रंगवत राहिला.

या चित्रांची भूमी असलेला फ्लँडर्स आज युरोपातील अतिदाट वस्तीच्या प्रदेशांपैकी एक आहे. 2040 पर्यंत नवी मोकळी जमीन बांधकामाखाली जाणे थांबवण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे आणि 2023 च्या मार्चमध्ये नायट्रोजनच्या उत्सर्जनावरील निर्बंधांविरुद्ध शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर ब्रुसेल्समध्ये शिरले. निर्बंध हवेतच, माती आणि पाण्याचे नुकसान खोटे नाही. पण हिरवा पट्टा वाचवण्याच्या उत्साहात त्यावर राबणाऱ्याला पुन्हा देखाव्यात ढकलले, तर धोरण कागदावर सुंदर दिसेल आणि शेतात टिकणार नाही.