नाचता येईना, यंत्र जुने!

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो. वडशाला मंडळ्यांची बुकिंगे होतात, नागभीडच्या आसपास मंडप रात्रभर जागतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात निम्मी मुले पेंगतात. आम्ही त्यांना रागावत नाही. मास्तरही पेंगतच असतात! परंतु अलीकडे या मंडपांतून एक नवीच रड ऐकू येते : “गुरुजी, ठेक्याचे यंत्र जुने झाले. यंदा नवे घेतल्याशिवाय रंग भरायचा नाही!” मग वर्गणी निघते, नवे यंत्र येते, आणि त्यातून जो ठेका निघतो तोच शेजारच्या गावातही निघतो. निघणारच! दोन्ही ठेके कारखान्यातूनच भरून आलेले.

आमचे म्हणणे रोखठोक आहे. जुने होते ते यंत्र नव्हे, वाजविणाऱ्याचा कान!

पुरावा हवा? १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ नावाचे यंत्र काढले. त्यात खऱ्या ढोलाचा ध्वनी भरलेला नव्हता. प्रत्येक आवाज आतल्या विजेच्या मंडलातून उपजे. खऱ्या ढोलासारखे वाजत नाही म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली आणि १९८३ मध्ये ते बंद पडले. पुढे हीच टाकाऊ यंत्रे अमेरिकेतील खिसा रिकामा असलेल्या पोरांनी स्वस्तात उचलली व त्यांतून नवे संगीत घडविले. त्यांचे राहू द्या. आपल्या मुंबईत, सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजविणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच यंत्राच्या ठेक्यावर भैरव, ललत, मालकंस असे दहा राग बसवून तबकडी काढली. तेव्हा तिला कोणी फारसे विचारले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाने तोंडात बोट घातले!

वाचकहो, त्या यंत्रावर ओळीने सोळा कळा असतात, आणि आपल्या तीनतालाच्या मात्राही सोळाच! तबलजी दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा मुका ठेवतो. यंत्रातही तेथे खर्जाचा ठोका गाळून पाहा. कारखान्याचा ठेका एकदम श्वास घेऊ लागतो.

एका मंडळाने अडगळीत टाकलेले असेच एक यंत्र आम्ही शाळेतल्या पोरांपुढे ठेवले. कोणी सोळाऐवजी सातच मात्रा ठेवून रूपक बसविला. कोणी खर्जाच्या ठोक्याची खुंटी इतकी उतरविली की लांबवर मेघ गडगडल्याचा भास व्हावा. एका बहाद्दराने कर्णा रिकाम्या रांजणात तोंड खाली करून सोडला. जो घुमारा उठला, तो बाजारातल्या कोणत्या यंत्रात मिळतो? खर्च किती? एक रांजण, तोही आईला न विचारता आणलेला!

आता दुसऱ्या बाजूचे शुद्धिवादी आमच्यावर धावून येतील. “यंत्रच नको! ढोलकी हीच खरी!” असे ते म्हणतील. ढोलकी आम्हालाही प्राणाहून प्रिय आहे. पण पायपेटीही परदेशातूनच आली ना? तिच्यावर आमच्या रंगभूमीने पदे गायिली, तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. यंत्र परके नसते. विचार न करता वाजविले की परके होते.

‘जुने ते सोने’ असेही आम्हाला म्हणायचे नाही. हात लावताच विजेचा झटका देणारे यंत्र खुशाल भंगारात घाला. पण धडधाकट यंत्र केवळ गतवर्षीचे म्हणून टाकणे, ही हौस नव्हे, उधळपट्टी आहे. आणि ती कोणाच्या जिवावर होते? नव्या यंत्राची किंमत भरताना पहिली कात्री ढोलकीवाल्याच्या बिदागीला लागते! धान विकून वर्गणी देणाऱ्या शेतकऱ्याला नाटकात जिवंत माणसाचा हात ऐकायचा असतो, कंपनीची जाहिरात नव्हे.

म्हणून मंडळांना आमची हात जोडून विनंती आहे. यंदा पैसे मोजण्यापूर्वी एक रात्र जुन्या यंत्रापाशी बसा. ढोलकीवाल्याला शेजारी बसवा. यंत्राचे निम्मे ठोके पुसून टाका आणि रिकाम्या जागा त्याच्या बोटांना द्या. एवढे करूनही रंग भरला नाही, तर नवे यंत्र आणा. पहिली वर्गणी या मास्तराकडून घेऊन जा!