मीठ कोण चाखणार?

महाविद्यालयात ‘एनएसएस’ला नाव देताना बहुतेक मुलांच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात : प्रमाणपत्र आणि काही विद्यापीठांत मिळणारे दहा वाढीव गुण. सेवा हा शब्द अर्जावर छापलेला असतो, तो वाचतो कोण! गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचा हिशेब साधा आहे. वर्षाला १२० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर. पावसाळ्यात झाडे लावायची, विसर्जनाच्या दिवशी घाटावर निर्माल्य गोळा करायचे, रक्तदानाच्या दिवशी खुर्च्या मांडायच्या आणि थंडीत ओढ्यावर पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा.

गुणांसाठी आलेली हीच मुले शिबिर संपवून एसटीत बसताना रडतात. असे का होते, याचा विचार रमजानच्या निमित्ताने व्हायला हवा.

तालुक्याच्या गावांत आज मुलांची शाळा वेगळी, मोहल्ला वेगळा, क्रिकेटचे मैदानही बऱ्याचदा वेगळे. उर्दू माध्यमातून आलेला मुलगा आणि मराठी शाळेतला मुलगा अठराव्या वर्षापर्यंत एकमेकांच्या घरी पाणी प्यायलेलेही नसतात. एकमेकांविषयीची माहिती मिळते ती मोबाइलवर, आणि ती कोणत्या दर्जाची असते हे सांगायला नको. अशी पन्नास मुले जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात एका सतरंजीवर झोपतात, तेव्हा पहिल्या रात्री फक्त कोण घोरतो एवढेच कळते. दुसऱ्या दिवशी फावडे, घमेले आणि माणसांची साखळी. तिसऱ्या रात्री शेकोटीभोवती प्राध्यापकांच्या नकला सुरू झाल्या की कोण कुठल्या गल्लीतला, हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

निर्माल्य उचलणारा मुस्लिम विद्यार्थी आणि ईदगाहबाहेर वाहने लावून देणारा हिंदू विद्यार्थी यांची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. जरूर यावीत. पण दोस्ती जुळते ती पन्नास माणसांच्या आमटीचे करपलेले पातेले राखेने घासताना, आणि तिथे छायाचित्रकार फिरकत नाही.

आता पंचांगाची गोष्ट. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१६ साली तो जून-जुलैत होता, म्हणून शिबिरांशी त्याची गाठ पडत नव्हती. २०२६ पासून तो फेब्रुवारीत सुरू होऊ लागला. २०२८ साली जानेवारीअखेर सुरू होईल आणि २०३० साली तर जानेवारीत एकदा व डिसेंबरअखेर पुन्हा, असा दोनदा येईल. म्हणजे येती काही वर्षे हिवाळी शिबिर आणि रोजे एकाच वेळी येण्याची शक्यता आहे. १९९८-९९च्या सुमारास असेच होते.

यावर दोन सोपे उपाय निघतील, आणि दोन्ही चुकीचे. एक, रोजेदारांना शिबिरातून सूट देणे. दुसरा, ‘इथे सर्व समान’ म्हणत त्यांच्याकडे लक्षच न देणे. पहिल्याने मुले घरी राहतील, दुसऱ्याने शिबिरात येऊनही एकटी पडतील. मुलींच्या बाबतीत तर सूट मिळाली की पालकांना आयते कारण सापडते. निवासी शिबिराला मुलगी पाठवताना आधीच दहा प्रश्न असतात. शिक्षिका सोबत आहेत, झोपायची खोली स्वतंत्र आहे, सहरीची सोय आहे, एवढे घरी जाऊन सांगितले तर निम्मे प्रश्न मिटतात.

श्रद्धेच्या बाजूने पाहिले तर अडचण फार लहान आहे. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. (दत्तक गाव बहुधा पंधरा-वीस किलोमीटरवर असते, तेवढ्याला प्रवास म्हणायचे की नाही, ते उलेमांनी सांगावे.) हजरत अनस यांनी सांगितलेली एक हदीस इथे आठवते. कडक उन्हातला प्रवास. काहींनी रोजा ठेवलेला, काहींनी नाही. सावली एवढी कमी की काही जण हातानेच ऊन अडवत होते. मुक्कामाला पोहोचताच रोजेदार गळून पडले. रोजा नसलेले उठले, त्यांनी तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजले. पैगंबर साहेबांनी सांगितले की आजचे पुण्य रोजा नसलेले घेऊन गेले. याच अनस यांच्या दुसऱ्या कथनात आहे की प्रवासात रोजेदार रोजा नसलेल्याला नावे ठेवत नसे, आणि तोही रोजेदाराला नावे ठेवत नसे. शिबिरप्रमुखाला यापेक्षा वेगळे मार्गदर्शन लागू नये.

बाकी सगळे वेळापत्रकाचे काम आहे. जानेवारीत रोजा पहाटे पावणेसहाच्या सुमारास सुरू होतो आणि सायंकाळी सव्वासहाच्या आसपास सुटतो. अंगमेहनतीचे श्रमदान सकाळी उरकावे. दुपारी रोजेदारांकडे गावाच्या सर्वेक्षणाचे अर्ज द्यावेत. बौद्धिक सत्रात तर रोजा असो-नसो, सगळेच पेंगतात. योजनेच्या बिल्ल्यावरील कोणार्कच्या चाकाला आठ आरे आहेत, ते दिवसाच्या चोवीस तासांचे म्हणजे आठ प्रहरांचे. सहरीसाठी पहाटे साडेचारला चूल पेटली की आठवा प्रहरही कामाला लागेल. एकादशीची साबुदाणा खिचडी जशी कुरकुर न करता होते, तशीच ही पहाटेची भाकरी व्हावी. सांगली-कोल्हापूरकडच्या शिबिरांत तर गंमत आणखी वाढेल : जैन विद्यार्थ्याला सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असते, रोजेदाराला सूर्यास्त झाल्यावरच तोंड उघडायचे असते. वाढपी एकच, आणि मधला वेळ दहा मिनिटांचा!

रोजेदारांना स्वयंपाकाच्या गटातून मात्र वगळू नये. त्यांची पाळी असेल त्या दिवशी आमटीचे मीठ कोण चाखणार, एवढे आधी ठरवून ठेवावे. या कामाला स्वयंसेवक कमी पडत नाहीत.