पेरणीयंत्र माझं, बियाणं माझं, मग चकती दुसऱ्याच्या हातात का?



मृग लागला की आपल्याकडं एकच विचारणा सुरू होते, "चकती भेटली का?" पेरणीयंत्र दारात उभं असतं, ट्रॅक्टरमध्ये डिझेल असतं, बीजप्रक्रिया झालेली असते, जमिनीत ओल असते. आणि दुकानदार म्हणतो, "या दाण्याची चकती संपली, आठ दिवसांनी येईल." आठ दिवसांनी चकती येते. ओल तोवर थांबत नाही.

मग शेतकरी काय करतो? हाताशी असेल ती चकती बसवतो. तुरीची चकती सोयाबीनला, मक्याची हरभऱ्याला. एका खाचेत दोन-दोन दाणे पडतात, नाहीतर दाणा चेमटतो. पंधरा दिवसांनी तासात कुठं झुपका, कुठं मोकळं रान. आणि वर ऐकायचं, "तुम्ही लोक शास्त्रशुद्ध पेरत नाही."

आज त्याच्यावरच लिहायचंय. तळहाताएवढी प्लास्टिकची चकती कापायला आपण शहराकडं तोंड करून बसतो, ही शरमेची गोष्ट आहे. ती कापणारं छोटं सीएनसी राउटर गावातल्या गाळ्यात बनतं. मी ते गोठ्याशेजारच्या खोलीत बनवलंय आणि दोन हंगाम त्यावर चकत्या कापतोय. तेव्हा "हे आपलं काम नाही" हे ऐकून घेण्याची माझी तयारी राहिलेली नाही.

आधी हिशेब बघा

आपण बियाणं किलोत मोजतो. पीक मात्र दाण्यातून उगवतं, किलोतून नाही.

सोयाबीन ४५ × ५ सेंमीवर धरा. हेक्टरी ४ लाख ४४ हजार झाडं बसतात. उगवणक्षमता ७० टक्के असेल तर ६ लाख ३५ हजार दाणे टाकावे लागतात. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर झाले ७६ किलो. म्हणजे आपली नेहमीची ७५ किलोची शिफारस हवेतून आलेली नाही, ती अशीच येते.

आता तुमच्या घरच्या बियाण्याची उगवण गोणपाटावर तपासली आणि ८५ टक्के निघाली. दाणा बारीक, शंभराचं वजन १० ग्रॅम. मग लागतात ५ लाख २३ हजार दाणे, म्हणजे ५२ किलो. शेतातली उगवण गोणपाटापेक्षा कमी असते म्हणून चार किलो वाढवा, तरी ५६. उलट दाणा १३ ग्रॅमचा ठोकळ आणि उगवण ७० टक्केच असेल, तर ८२ किलो लागतील. पीक तेच, अंतर तेच, आणि फरक हेक्टरी २६ किलोंचा.

हा फरक कागदावर कुणीही काढेल. रानात तो फक्त चकतीच काढू शकते.

इथं जाणकार म्हणतील, अंतर तर साखळीचं दातरीचाक बदलूनही बदलता येतं. खरं आहे. दातरीचाक बदललं की दोन दाण्यांतलं अंतर बदलतं. पण खाचेचा आकार बदलत नाही. खाच दाण्यापेक्षा साधारण दहा टक्के मोठी हवी आणि चकतीची जाडी दाण्याच्या जाडीला धरून हवी. खाच मोठी झाली की दोन दाणे बसतात. लहान झाली की दाणा बसत नाही, किंवा अर्धा बसतो आणि ब्रशखाली फुटतो. सोयाबीनची साल किती नाजूक असते ते सांगायला नको. साल तडकलेला दाणा म्हणजे मातीत टाकलेले पैसे.

खाचांची संख्याही बघा. जमिनीवरच्या चाकाचा व्यास ४० सेंमी असेल तर एका फेऱ्यात यंत्र १२५ सेंमीच्या आसपास पुढं जातं. चाक आणि चकती एकास एक फिरत असतील आणि दाणा सव्वाचार सेंमीवर हवा असेल, तर ३० खाचा लागतात. हे गणित सातवीतलं पोरगं करतं. पण ३० खाचांची, माझ्या दाण्याच्या मापाची चकती मला बाजारात मिळत नाही. मिळते ती कंपनीनं ठरवलेली.

आणि कंपनी काय ठरवते? माझ्याकडच्या एका यंत्राचं मॉडेल बदललं, तसं चकतीच्या मधल्या भोकाचं माप बदललं. जुन्या यंत्राला नवी चकती बसेना. लोखंड धड, चाकं धड, पेट्या धड, आणि सगळं यंत्र भंगारात घाला, कारण काय तर एक प्लास्टिकची चकती! अनुदानाच्या यादीत पेरणीयंत्र असतं. त्याच यंत्राच्या जादा चकत्यांना अनुदान मिळालेलं मी तरी पाहिलं नाही.

यंत्रात आहे तरी काय

सीएनसी म्हटलं की लोकांना वाटतं विमानाचा कारखाना. सुरुवात खरंच तिथून झाली. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीनं आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं, तेही हवाई दलाच्या कामासाठी. पण त्याला सत्तर वर्षं उलटली. आज तेच तत्त्व टेबलावर मावतं.

एक चौकट. तिच्यावर तीन दिशांना सरकणारे रूळ: डावी-उजवी, पुढं-मागं, वर-खाली. प्रत्येक दिशेला एक स्क्रू आणि एक स्टेपर मोटर. मधोमध सुतार कडा काढायला वापरतो तो ट्रिमर. झालं यंत्र.

स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हरनं प्रत्येक पावलाचे ८ भाग केले की १६०० होतात. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकवत असेल तर एका मिलिमीटरला ३२० पावलं. कागदावर हे फार बारीक आहे. प्रत्यक्षात चौकट लवते, नटात ढिलाई असते, म्हणून तेवढी अचूकता मिळत नाही. पण सोयाबीनचा दाणा ६-७ मिमीचा आहे. खाचेत मिलिमीटरचा दहावा भाग इकडं-तिकडं झाला तर दाण्याला कळतही नाही. आपल्याला घड्याळ बनवायचं नाही.

मेंदू म्हणजे आर्डुइनोचा छोटा बोर्ड. त्यात जीआरबीएल नावाची प्रणाली चालते. ती नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये सुरू केली आणि ती फुकट आहे. आकृती काढायला फ्रीकॅड, तेही फुकट. जुना लॅपटॉप पुरतो.

माझं यंत्र दोन फूट बाय दोन फूट कापतं. सगळं धरून चाळीस हजारांच्या आत झालं. सगळ्यात जास्त पैसे रूळ आणि स्क्रूला गेले, आणि तिथंच जायला हवेत.

दहा हजारांत सीएनसी विकणाऱ्यांना

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द. जुन्या प्रिंटरच्या मोटरी, ड्रॉवरच्या पट्ट्या आणि प्लायवुड घेऊन "दहा हजारांत सीएनसी" दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मऊ लाकडावर गणपती कोरून दाखवतात आणि टाळ्या घेतात. त्याच यंत्रावर आठ मिमीची एचडीपीई शीट लावून बघा म्हणावं. कटर आत शिरला की चौकट थरथरते, खाच अंडाकृती होते. असलं खेळणं पाहून पोरगं महिनाभर राबतं, मग सामान माळ्यावर जातं आणि घरचे म्हणतात, "बघ, सांगितलं होतं." गावातल्या पोरांचा हुरूप असाच मारला जातो.

म्हणून बनवायचं तर धड बनवा.

चौकट वेल्डिंगनं करू नका. गावातला वेल्डर चांगला असला तरी टाका थंड होताना पाइप ओढला जातोच. अ‍ॅल्युमिनियमचे तयार प्रोफाइल घ्या आणि बोल्टनं आवळा. वाकडं झालं तर ढिलं करून सरळ करता येतं.

काटकोन तपासायला महागडं उपकरण नको. घराचा पाया आखताना ३-४-५ धरतो तेच धरा. नाहीतर दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले नाहीत तर चकती गोल येणार नाही, मग सॉफ्टवेअरला शिव्या देऊन उपयोग नाही.

एचडीपीई कापायला एकधारी कटर वापरा आणि कटर एका जागी घुटमळू देऊ नका. वेग जास्त आणि सरकणं कमी झालं की प्लास्टिक कापलं जात नाही, वितळतं आणि कटरला गुंडाळी बसते. एका फेरीत कटरच्या व्यासाच्या निम्म्याएवढीच खोली घ्या.

वीज आपल्याकडं कधी जाईल सांगता येत नाही. काम चालू असताना गेली की यंत्र आपली जागा विसरतं. तिन्ही दिशांना लिमिट स्विच लावा, म्हणजे वीज आल्यावर यंत्र पुन्हा शून्यावर येऊ शकतं. बोर्ड आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हाताशी लाल बटण हवं, दाबलं की मोटर आणि ट्रिमर दोन्ही बंद. डोळ्यावर चष्मा, तोंडावर मास्क. गळ्यात उपरणं नको, हातात मोजे नकोत. मळणीयंत्रानं किती हात घेतले ते आपल्याला माहीत आहे. हे यंत्र लहान दिसतं म्हणून ते दयाळू नसतं.

"हे शेतकऱ्याचं काम नाही"

हे वाक्य मला बांधावरच्या शेजाऱ्यानंही ऐकवलं आणि शिबिराला आलेल्या साहेबांनीही. शेजाऱ्याला मी समजू शकतो. साहेबांना नाही.

१९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. आज आपण त्या गोष्टीला हसतो. पण लोखंडाला भिणारे ते आजोबा आणि संगणकाला भिणारे आपण, फरक काय? उलट त्या काळी गावात लोहार आणि सुतार होते. पाभरीचं चाडं आणि नळे गावातच बनत, रब्बीला वेगळे, खरिपाला वेगळे. दाण्याप्रमाणं अवजार बदलायची अक्कल आपल्याकडं होती. यंत्र आलं आणि ती अक्कल आपण पॅकिंगसकट दुकानात ठेवून आलो.

आणि खेड्यात हे होत नाही असं म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातलं पाबळ बघून यावं. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम काढला. एमआयटीच्या मदतीनं २००२ मध्ये तिथं फॅब लॅब सुरू झाली, तीसुद्धा जगातल्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी एक. वीस वर्षांपूर्वी पाबळला जमलं ते तुमच्या-माझ्या गावाला का जमू नये?

"थ्रीडी प्रिंटर घ्या" असंही कुणी म्हणेल. घ्या की, चकती त्यावरही निघते. पण तासन्‌तास लागतात आणि खाचेच्या कडेला थर राहतात, त्या घासाव्या लागतात. "लेझरवर कापून आणा" म्हणाल तर लेझरला एचडीपीई नीट कापता येत नाही, आणि अ‍ॅक्रिलिकची चकती एका खड्यानं तडकते. राउटरवर चकती तासाच्या आत होते. हंगाम संपला की त्याच यंत्रावर मधपेटीच्या चौकटी, पाट्या, दाराची नक्षी निघते. गावातल्या सुताराच्या पोराला वर्षभर काम मिळतं.

मागणी

प्रत्येकानं घरी यंत्र बनवावं असं मी म्हणत नाही. ज्याला हंगामाला सहाच चकत्या लागतात, त्यानं त्यासाठी चाळीस हजार घालणं हा वेडेपणा आहे. दहा-बारा गावांमागं एक यंत्र पुरे.

शेतकरी कंपन्यांनो, अवजार बँकांनो, तुमच्या शेडमध्ये वर्षाचे अकरा महिने उभं राहणारं एखादं अवजार कमी घ्या आणि एक राउटर बसवा. आयटीआय झालेलं एक पोरगं त्यावर नेमा. एप्रिल-मे मध्ये चकत्या कापून ठेवा, जूनमध्ये नाही.

बियाणं विकणाऱ्यांनो, पिशवीवर उगवण छापता तशी त्या लॉटच्या शंभर दाण्यांचं वजन आणि दाण्याची लांबी-जाडी छापा. तुमच्याकडं ती मापं आहेत.

यंत्र बनवणाऱ्यांनो, चकतीचं मधलं भोक, व्यास आणि कोन यांची आकृती पुस्तिकेत द्या. यंत्र आम्ही पैसे मोजून घेतलंय, त्याचं माप लपवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

आणि कृषी विद्यापीठातल्या, कृषी खात्यातल्या मंडळींनो, पुढच्या शिबिरात "योग्य चकती वापरा" एवढंच सांगून थांबू नका. योग्य चकती कुठून आणायची ते सांगा. सांगता येत नसेल तर एक यंत्र घेऊन या आणि आमच्यासमोर कापून दाखवा. दाणे आम्ही देतो, मोजायला व्हर्नियर कॅलिपरही आमच्याकडं आहे.