बरोबरी मागायला शिकवा

मी मुलांना बुद्धिबळ शिकवते. हरत आलेल्या डावात तीच स्थिती तिसऱ्यांदा येते आणि मूल बरोबरीचा दावा न करता गप्प बसून राहतं. सराव संगणकावरचा ना! संगणकाचा हिशेब सरळ असतो: बरोबरी म्हणजे शून्य. आपली बाजू उणे असेल तर तो खेळ्यांची पुनरावृत्ती करतो, वरचढ असेल तर टाळतो. दावा बहुधा पट चालवणारी प्रणालीच नोंदवते. स्पर्धेत मात्र ज्या खेळीनं स्थिती तिसऱ्यांदा येणार, ती पटावर न करता स्कोअरशीटवर लिहायची, पंचांना सांगायचं. आपोआप बरोबरी होते ती पाचव्यांदा. बरोबरीची संधी मोठ्यांच्याही नजरेतून सुटते: १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात खुद्द विश्वविजेत्या कास्पारोव्हनं हार मानली; तिथे सततच्या शहानं बरोबरीची आशा होती, हे विश्लेषकांनी नंतर दाखवलं. प्रशिक्षकांनो, पहिल्या स्पर्धेआधी मुलांकडून पुनरावृत्तीचा दावा एकदा करून घ्याच.